चंदेरी गाडी सोनेरी का रंगवली?

1964 साली 'गोल्डफिंगर' हा जेम्स बाँडचा चित्रपट आला आणि त्यातली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी5 जगभरच्या मुलांच्या मनात भरली. गाडी चंदेरी होती. तिच्या छटेचे नाव सिल्व्हर बर्च. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1965 मध्ये, वेल्समधल्या स्वान्झीच्या कॉर्गी टॉइजने तिची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती बाजारात आणली. कळ दाबली की छताचे झाकण उघडून शेजारच्या सीटवरचा माणूस बाहेर फेकला जाई, पुढून बंदुका निघत, मागे गोळ्या अडवणारी ढाल वर येई. करामतींच्या बाबतीत चित्रपटाशी इतके इमान राखणारी ही गाडी रंगाच्या बाबतीत मात्र उघड फारकत घेत होती. ती सोनेरी होती. त्याचे कारण असे सांगितले जाते: साच्यातून निघणारी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव गाडी मुळातच चंदेरी-करडी असते, तिच्यावर चंदेरी रंग मारला तर गिऱ्हाइकाला वाटेल, ही रंगवायचीच राहून गेली. 1968 मध्ये कॉर्गीने किंचित मोठ्या आकारात नवी आवृत्ती काढली तेव्हा कुठे ती चंदेरी झाली. तोवर सोनेरी गाडी लाखांनी खपलेली होती.

खेळण्याच्या इतिहासातली ही एक गंमत म्हणून सोडून देता येईल, पण तसे करणे चूक होईल. छोट्या गाडीवर मेटॅलिक रंग खरा दिसायचा तर काय करावे लागते, हा सगळा पेच या निर्णयात आहे. खऱ्या गाडीवर खरा असलेला रंग छोट्या गाडीवर तसाच चढवला तर तो खरा दिसत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत छोट्या गाड्यांच्या रंगकामात जी काही प्रगती झाली, ती खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा उचलण्यातून झालेली नाही. तो रंग बाजूला ठेवून, लहान आकारासाठी वेगळी रचना करण्यातून झाली आहे, असे माझे म्हणणे आहे. याला आक्षेप आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. त्यांच्याकडे येण्याआधी हा रंग मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे.

मेटॅलिक रंगाची चमक रंगद्रव्यातून येत नाही, ती रंगात मिसळलेल्या धातूच्या चपट्या चकत्यांतून येते. धातू कुटून त्याची पूड करण्याची कला जुनी. जर्मनीतली न्यूर्नबर्ग आणि फ्युर्ट ही शहरे त्यासाठी प्रसिद्ध होती. तिथे पितळेचा वर्ख हाताने कुटून त्याची पूड होई आणि ती महाग असे. 1840च्या दशकात इंग्लंडमध्ये हेन्री बेसेमरने तीच पूड यंत्रावर करून दाखवली. पोलादाच्या पद्धतीमुळे जगाला ठाऊक झालेल्या या माणसाचा पहिला मोठा पैसा या 'सोनेरी' पुडीतून आला. त्याने पेटंट घेतले नाही. यंत्राचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत करून घेतले आणि ते चालवायला घरचीच माणसे नेमली. अ‍ॅल्युमिनियमची पूड करणे त्याहून अवघड, कारण ती कोरडी दळली तर हवेत भडका उडतो. 1920च्या दशकात अमेरिकेत ती द्रावकात भिजवून, गोळ्यांच्या फिरत्या पिंपात दळायची पद्धत रुळली आणि सुरक्षित, स्वस्त अ‍ॅल्युमिनियम चकत्या मिळू लागल्या. त्याच दशकात ड्यूपाँटचे ड्यूको हे झटपट सुकणारे लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले आणि गाडी रंगवायला लागणारे आठवडे काही तासांवर आले. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि 1930च्या दशकापासून अमेरिकी रस्त्यांवर मेटॅलिक रंगाच्या गाड्या दिसू लागल्या. पारदर्शक रंगात तरंगणाऱ्या या चकत्या सुकताना पृष्ठभागाला समांतर आडव्या पडल्या की समोरून गाडी उजळ दिसते आणि तिरकस पाहिले की काळोखी. बॉनेटच्या बाकावरून नजर फिरवली की उजेड-सावली सरकत जाते, ती यामुळे. मेटॅलिक रंगाची ओळख चमकण्यात तितकीशी नाही, जितकी या सरकत्या उजेडात आहे.

छोट्या गाड्यांचा धंदा साधारण याच काळात उभा राहिला. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीने 1934 मध्ये डिंकी टॉइज हे नाव घेतले. जस्त, अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम यांचा झामॅक हा मिश्रधातू तेव्हा नुकताच आलेला होता. त्यात शिशाचा अंश राहिला तर काही वर्षांनी ओतीव गाडीला भेगा पडून तिचा भुगा होई, आणि युद्धपूर्व डिंकी गाड्यांची हानी प्रामुख्याने यामुळेच झाली. रंग मात्र साधे: भट्टीत पक्के केलेले लाल, निळे, हिरवे, पिवळसर एनॅमल. मुलांच्या हातात टिकणे ही पहिली अट होती आणि ती या रंगांनी उत्तम पाळली.

खऱ्या रंगाचा आग्रह धरला तो अमेरिकेत, मोटारींच्या डीलरांसाठी छोट्या गाड्या बनवणाऱ्यांनी. मिशिगनमधल्या ट्रॉय इथे 1948 मध्ये एएमटी कंपनी सुरू झाली. नावाचा अर्थच अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज. तिची पहिली गाडी म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियमची फोर्ड सेदान, आणि तिला फोर्डचाच अधिकृत रंग दिलेला होता. पुढे अ‍ॅल्युमिनियम जाऊन प्लॅस्टिक आले, 1958 पासून तीच कंपनी 1/25 प्रमाणातले जोडणीचे संच विकू लागली, पण फोर्डच्या प्रतिकृतीला फोर्डचाच रंग ही कल्पना हौशी लोकांच्या मनात पक्की बसली. आजही बरेच जण गाडीच्या दाराच्या चौकटीवरचा रंगाचा क्रमांक शोधतात, खऱ्या गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानातून तोच क्रमांक मिसळून आणतात आणि तो 1/24च्या गाडीवर फवारतात. रंग तोच, कंपनी तीच, क्रमांक तोच. मग याहून खरे काय असणार?

इथे थोडा हिशेब मांडला की उत्तर सापडते. गाडीच्या रंगातली अ‍ॅल्युमिनियमची चकती साधारण 20 मायक्रॉन रुंद धरू. 1/24 प्रमाणातल्या गाडीवर ती बसली की प्रमाणाच्या हिशेबाने ती 24 पट मोठी झाली, म्हणजे 480 मायक्रॉन, जवळजवळ अर्धा मिलिमीटर. 1/43 वर ती 0.86 मिलिमीटर होते, आणि 1/64 वर सव्वा मिलिमीटरहून मोठी. बॉनेटभर अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या पसरलेली खरी गाडी डोळ्यांसमोर आणा. असली लखलख फार तर कॅलिफोर्नियातल्या हौशी कस्टम गाड्यांवर शोभेल. थराच्या जाडीचेही तेच. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंतचे सगळे मिळून साधारण 100 मायक्रॉन असतात. तेवढीच जाडी 1/24वर म्हणजे प्रमाणात 2.4 मिलिमीटर. दारांच्या फटी, बॉनेटची कड, दरवाजाच्या मुठीची नक्षी, सगळे त्या थराखाली बुजून जाते. रंगाची छटा लहान होत नाही, पण तिला वाहून नेणारे कण आणि थर आपापल्या मापाचेच राहतात. 'खरा रंग' वापरणाऱ्यांचे नेमके याच गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. निरोगी डोळ्याला 30 सेंटिमीटरवरून साधारण 90 मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत. मग 20 मायक्रॉनची चकती दिसणार कशी? आणि दिसतच नसेल तर तिच्या आकाराचा एवढा बाऊ कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. चकतीचा आकार डोळ्याला कळत नाही हे खरे, पण तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका कळतो. तारा कितीही लहान दिसला तरी पुरेसा तेजस्वी असला की दिसतोच. दुसरी गोष्ट संख्येची आहे. 1/24च्या बॉनेटचे क्षेत्रफळ खऱ्या बॉनेटच्या 576 पटींनी कमी असते. 1/43वर हा आकडा 1849, आणि 1/64वर 4096. खऱ्या गाडीच्या ज्या तुकड्यावर 576 चकत्या मिळून एक सरासरी उजेड तयार करतात, त्याच तुकड्याचे काम छोट्या गाडीवर एकट्या चकतीला करावे लागते. तीन-चार चकत्या वाकड्या बसल्या तर खऱ्या गाडीवर ते लाखांत हरवते. छोट्या गाडीवर तिथे ठिणगी उठते. शिवाय छोटी गाडी आपण हाताच्या अंतरावरून पाहतो. 30 सेंटिमीटरवरून पाहिलेली 1/24ची गाडी म्हणजे 7.2 मीटरवरून पाहिलेली खरी गाडी. तेवढ्या अंतरावरून रस्त्यावरच्या चंदेरी गाडीचे कण दिसत नाहीत, दिसतो तो सलग, सरकता उजेड. छोट्या गाडीनेही तेच दाखवायला हवे.

सलग उजेड मिळवायचा एक मार्ग चकत्या बारीक करण्याचा. दुसरा मार्ग त्याहून फार जुना आहे: चकत्या टाकूनच द्याव्यात, खाली धातूचा अखंड चकचकीत थर ठेवावा आणि वर पारदर्शक रंग चढवावा. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या नावाने ओळखले जाणारे सोनेरी चामडे असेच बनत असे. त्यात सोने नसे, चांदीच्या वर्खावर पिवळसर वार्निशचा हात असे. आपल्याकडच्या जडावाच्या कामातही खड्याखाली वर्ख ठेवला जातो तो खड्याचा रंग उजळून वर यावा म्हणून. गाड्यांच्या जगात ही युक्ती नव्याने आणली ती कॅलिफोर्नियातल्या जो बेलनने. ओल्या रस्त्यावर पडलेला मागच्या दिव्यांचा लाल प्रकाश पाहून आपल्याला तो रंग सुचला असे तो सांगे. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर 1950च्या दशकाच्या मध्यास त्याचा कँडी अ‍ॅपल रेड तयार झाला: खाली सोनेरी किंवा चंदेरी थर, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे अनेक हात, सगळ्यांवर पारदर्शक लॅकर. प्रकाश लाल थरातून आत जातो, धातूवर आपटतो आणि पुन्हा लाल थरातूनच बाहेर येतो. दोनदा गाळला गेल्यामुळे रंगाला खोली येते. कस्टम गाड्यांचे हे शास्त्र दहा-बारा वर्षांत खेळण्यात उतरले.

1968 मध्ये मॅटेलने 16 गाड्यांचा पहिला हॉट व्हील्स संच काढला. एलियट हँडलर यांची ही कल्पना, आणि पहिल्या संचातल्या बहुतेक गाड्यांची रेखाटने जनरल मोटर्समधून आलेल्या हॅरी ब्रॅडली यांची. चाकांचा वेग आणि गाड्यांचे कॅलिफोर्नियन रूप यांची चर्चा नेहमी होते. माझ्या मते तितकेच मोठे काम रंगाचे होते. मॅटेलने त्याला स्पेक्ट्राफ्लेम असे नाव दिले. जस्ताचे अंग चकचकीत करून त्यावर थेट पारदर्शक रंगीत लॅकर चढवलेले असे. कॉर्गीला तीन वर्षांपूर्वी जी गोष्ट अडचण वाटली होती, ओतीव धातूचा नैसर्गिक चंदेरीपणा, तीच मॅटेलने भांडवल केली. धातूवर धातूसारखा दिसणारा रंग मारायचा खटाटोपच संपला. धातूच दिसू द्यायचा, फक्त रंगीत काचेतून. 1/64च्या गाडीवर चकत्यांचा रंग सव्वा मिलिमीटरच्या ठिपक्यांसारखा दिसला असता. स्पेक्ट्राफ्लेममध्ये ठिपकेच नव्हते. म्हणून अडीच-तीन इंचांच्या त्या गाड्या आजही मेटॅलिक दिसतात आणि त्यांच्या बरोबरीच्या चंदेरी एनॅमलच्या गाड्या दगडी करड्या वाटतात. ब्रिटनच्या लेस्नी कंपनीला 1969 मध्ये मॅचबॉक्स सुपरफास्ट ही मालिका घाईने काढावी लागली ती मुख्यतः वेगवान चाकांसाठी, पण दुकानाच्या काचेमागून मुलाचा डोळा आधी रंगावरच जात असणार.

इथे आक्षेप येणारच की स्पेक्ट्राफ्लेमला खरा दिसणारा रंग म्हणताच येत नाही. रस्त्यावर कुठलीही शेव्हरले कमॅरो एवढी लखलखीत जांभळी नव्हती. कबूल. छटेच्या दृष्टीने त्या गाड्या स्वप्नातल्याच होत्या. पण छटा खरी असणे आणि धातूचा उजेड खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासात त्या क्वचितच एकत्र सापडतात. एएमटीकडे छटा खरी होती. मॅटेलकडे उजेड खरा होता. नंतरच्या हौशी कारागिरांनी जे साधले ते या दोघांना एकत्र आणून. मॅटेलची पद्धत टिकली नाही याची कारणेही रोकडी आहेत. प्रत्येक गाडी चकचकीत करायला खर्च येई, आणि 1973 मध्ये कंपनी साध्या एनॅमलवर गेली. पारदर्शक लॅकरखालचा उघडा जस्त वर्षांनुवर्षे हवा-ओल खाऊन काळवंडतो. संग्राहकांच्या कपाटातल्या कित्येक जुन्या गाड्यांवर रंग शाबूत असूनही आतून काळे डाग उमटले आहेत. आरशावर रंग चढवला की आरशाचे दुखणेही रंगाला लागते.

ज्यांनी प्लॅस्टिकच्या संचांवर काम केले त्यांच्याकडे असा आरसा नव्हताच. त्यांच्याकडे होत्या टेस्टर्सच्या छोट्या बाटल्या आणि हंब्रोलच्या 14 मिलिलिटरच्या डब्या. जुन्या चंदेरी एनॅमलमध्ये बहुधा अशा चकत्या असत ज्यांच्यावर दळतानाच स्टिअरिक आम्लाचा लेप बसलेला असतो. त्या रंगाच्या वर तरंगून येतात आणि कौलांसारख्या एकमेकींवर चढून पडतात. त्यामुळे चमक झकास येते, पण बोट लावले की बोटाला चांदी लागते, आणि वर पारदर्शक लॅकर मारला की चकत्या विस्कटून सगळे करडे पडते. खऱ्या गाड्यांच्या रंगात उलट प्रकारच्या चकत्या वापरतात: त्या थरात खोलवर पसरून राहतात, म्हणून वर पारदर्शक थर घेता येतो. हौशी रंगांच्या कंपन्यांनी, विशेषतः जपानी लॅकरवाल्यांनी, हा फरक ओळखून बारीक, न तरंगणाऱ्या चकत्यांचे लॅकर रंग काढले आणि एअरब्रश घरोघरी पोचला तेव्हा चित्र पालटले.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात नुसत्या साहित्यापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी अंग निर्दोष हवे. साध्या रंगाखाली लपणारा ओरखडा मेटॅलिकखाली उठून दिसतो, कारण चकत्या त्याच्या उताराला लागून कलतात आणि तिथला उजेड तुटतो. मग चकचकीत काळा थर, घोटून आरशासारखा केलेला. चंदेरीखाली काळाच का, असा प्रश्न पडेल. पांढरा किंवा करडा का नको? चकत्यांचा पातळ थर अपारदर्शक नसतो, फटींतून प्रकाश खाली जातो. खाली पांढरा असला तर तो प्रकाश सगळीकडे विखरून परत येतो आणि तिरकस कोनातला काळोख नाहीसा होतो. काळा असला तर तो प्रकाश गिळून टाकतो आणि फक्त आडव्या चकत्यांवरचे परावर्तन उरते. उजेड-सावलीचा खेळ त्यामुळे वाढतो. मग रंग दुधाइतका पातळ करून, बाटली सतत हलवत, कारण चांदी तळाशी बसायला मिनिटही लागत नाही, कमी दाबाने पातळ हात मारायचे. हात ओला झाला तर चकत्या द्रावकात वाहतात, बॉनेटवर ढग उठतात आणि कडांना काळी रेघ जमते. फार कोरडा झाला तर चकत्या जशा पडतील तशा उभ्या राहतात आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा चमचमतो. शेवटी थोडे लांबून एक हलका धुक्यासारखा हात, ढग मोडण्यापुरता. आणि एकदा चंदेरी बसला की त्याला घासायचे नाही. घासले की चकत्या कापल्या जातात आणि तिथे कायमचा करडा डाग राहतो. धूळ बसली तर तो थर पुन्हा काढण्यावाचून उपाय नाही. घोटायचा तो फक्त सगळ्यात वरचा पारदर्शक थर.

यावर म्हणता येईल की मग प्रश्न सुटलाच. चकत्या जितक्या बारीक तितके चांगले. उद्या त्या आणखी बारीक होतील आणि कसब लागणारच नाही. पण तसे होत नाही. आरशागत थर देणारी बारीक धातूची लॅकरे, चकचकीत काळ्यावर मारायची अल्क्लॅडसारखी, आता सहज मिळतात आणि निकेल केलेला किंवा घासून पॉलिश केलेला भाग दाखवायला ती अप्रतिम आहेत. चंदेरी गाडीच्या अंगावर मात्र ती मारली की गाडी न रंगवलेल्या पत्र्याची वाटते. कॉर्गीसमोरचा पेच दुसऱ्या दिशेने पुन्हा उभा राहतो: कण मोठे असले तर रंग चमचमीत वाटतो, कणच नसले तर तो रंग वाटत नाही. डोळ्याला किंचित तरी दाणा लागतो, म्हणजे 'हा धातू नव्हे, धातूचा रंग आहे' एवढे कळेल इतका. शिवाय हा निर्णय एकट्या अंगाचा नसतो. बंपर आणि खिडक्यांच्या पट्ट्या क्रोमच्या असल्या की त्यांच्या शेजारीच अंगाचा चंदेरी पारखला जातो. संचातले क्रोमचे भाग निर्वात पात्रात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून केलेले असतात, आणि पट्ट्यांसाठी जाणकार अतिपातळ चिकट धातूपत्रा लावून तो धारदार पात्याने कापतात. खरा धातू शेजारी आला की रंगाला धातू होण्याची गरज उरत नाही; त्याने फक्त रंग म्हणून विश्वासार्ह असायचे.

छटेचा आग्रह धरणाऱ्यांना मी सरळ खोडून काढणार नाही. छटा चुकली तर जाणकार माणूस पहिल्या नजरेत ओळखतो. पण छटा आणि थर यांत कुणाचे वजन जास्त, याचा एक पुरावा आपल्याच देशात आहे. डिंकीचे जुने झालेले साचे 1960च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडे आले आणि निकी टॉइज नावाने त्याच गाड्या भारतात बनू लागल्या. लिव्हरपूलची ट्रायम्फ हेराल्ड इथे स्टँडर्ड हेराल्ड झाली. साचा तोच, रेषा त्याच, आकार मिलिमीटरपर्यंत तोच. तरी दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो आणि तो बराचसा रंगाच्या थराचा असतो: जाडसर, कडा बुजवणारा, कमी सफाईचा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक छोटी मोटार दिसते आणि दुसरी खेळणे दिसते.

आता खुद्द मोटार कारखान्यांनीच या वाटेने काही पावले टाकली आहेत. माझ्दाने 2012 मध्ये सोल रेड हा रंग आणला तो नेहमीच्या एका मेटॅलिक थराचा नव्हता: खाली परावर्तक थर, त्यावर पारदर्शक लाल, त्यावर पारदर्शक आवरण. बेलनच्या कँडीचीच ही कारखान्यातली, यंत्रमानवाने फवारलेली आवृत्ती. 2016च्या मशीन ग्रे या रंगात तर सुकताना आकसणारा थर अतिपातळ अ‍ॅल्युमिनियम चकत्यांना दाबून सपाट, समांतर बसवतो. हौशी कारागीर एअरब्रशचा दाब आणि अंतर सांभाळून जे साधू पाहतो, तेच इथे रसायनाकडून करून घेतले आहे. असा रंग छोट्या गाडीवर करायचा तर प्रथमच खऱ्या गाडीचा क्रम जसाच्या तसा उचलता येतो, पण कणांचे आणि जाडीचे गणित बदलत नाही, आणि एका नव्या अडचणीची भर पडते. पारदर्शक लाल रंगाचा प्रत्येक जादा हात छटा गडद करतो. दाराची कड, आरशाचे कवच, खांबांचे कोपरे अशा जागी फवारा दोनदा फिरतो आणि तिथे लाल काळपट होतो. बॉनेट आज आणि बंपर उद्या रंगवला तर दोघांचा लाल जुळत नाही. म्हणून गाडीचे सगळे सुटे भाग काड्यांवर टोचून एका ओळीत लावतात, एकाच बाटलीतल्या रंगाने, एकाच अंतरावरून, प्रत्येकावर मोजून सारखेच हात मारतात, आणि शेजारी एक रंगवलेला चमचा ठेवून त्यावर छटा कुठवर आली ते हातागणिक पाहतात.